गुरुवारनंतरचा हात

एप्रिल म्हणजे इचलकरंजीत मिक्सर जळायचे दिवस. घरोघरी वर्षाचा कांदा-लसूण मसाला घातला जातो. सुकं खोबरं, धणे, भाजलेली मिरची असं सगळं त्या बिचाऱ्या भांड्यात ठासून भरायचं आणि बटण दाबून धरायचं. मोटारीतून धूर निघाला की बाया नाकाला पदर लावून जयमालाकाकींच्या गाळ्यावर हजर. मोटारी कितीही हुशार झाल्या तरी त्यांना जाळण्यात आमच्या बाया अजून मागं पडलेल्या नाहीत.

जयमाला म्हेत्रे बावीस वर्षं मोटारी रिवाइंड करत होत्या. जळालेली तार कापून काढायची, वेढे मोजायचे, तेवढ्याच वेढ्यांची नवी तार भरायची आणि वार्निश देऊन वाळवायची. हे काम त्यांना नवऱ्यानं शिकवलं होतं. नवरा लवकर गेला. त्याच्यामागं ज्याला वाढवलं तो मुलगा सोहमही अडीच वर्षांपूर्वी सांगलीच्या रस्त्यावर अपघातात गेला. घरात उरल्या त्या जयमालाबाई आणि सून गार्गी. तीस वर्षांची पोर, सूतगिरणीच्या ऑफिसात कामाला. माहेरच्यांनी दोनदा न्यायला येऊन बघितलं, पण ती गेली नाही. ती का राहिली हे जयमालाबाईंनी कधी विचारलं नाही. विचारलं आणि तिलाही उत्तर सापडलं नाही तर काय करायचं, ही त्यांची भीती होती.

आता त्या मोटारींचं जरा सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मोटार म्हणजे तांब्याची तार आणि चुंबक. तारेत वीज सोडली की चुंबक फिरतो. पण याचं उलटंही होतं, चुंबक फिरला की तारेत थोडी वीज उलट उगवते. भांड्यात काय घातलंय, किती घातलंय, झाकण कुणी किती दाबून धरलंय, या सगळ्यानं फिरणं कमीजास्त होतं आणि ते त्या उलट्या विजेत उमटतं. ती वीज वाचणारं एक छोटं कार्ड प्रत्येक मोटारीत पूर्वीपासून असायचंच. आठ वर्षांपूर्वी संध्याकाळची वीज सगळ्या गावाला पुरेनाशी झाली, तेव्हापासून नव्या मोटारींतल्या कार्डांना आणखी एक काम दिलं गेलं. वाचलेलं लक्षात ठेवायचं आणि पुढचा अंदाज बांधायचा. घरातलं कोण कधी काय लावणार याचा अंदाज कार्ड बांधतं, तारांमधूनच घरातल्या बाकीच्या मोटारींना तो कळवतं, आणि सगळ्या मिळून आपापली पाळी ठरवतात. जिची वेळ जवळ आली ती मोटार आधीच थोडी वीज घेऊन तयारीत राहते. अशा वेळी तिच्यातून हलकीशी गुरगुर येते. लोक त्यांना अंदाजी मोटारी म्हणायला लागले.

प्रत्येक माणसाची लकब कार्डाला वेगळी कळते. कंपनीच्या कागदावर त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे, पण रिवाइंडिंगवाले त्याला नुसतं ‘हात’ म्हणतात. या घरात तीन हात आहेत, त्या घरात पाच. टेस्टर लावला की पडद्यावर एकेका हाताची रेघ दिसते, झालेल्या दिवसांची आणि पुढच्या दोन महिन्यांची. आणि इथंच ती गोष्ट आहे, जी धंद्यातले लोक गिऱ्हाइकासमोर बोलत नाहीत. कधीकधी पुढच्या दिवसांत एखादा हात मध्येच थांबलेला असतो. घर तेच, बाकीचे हात तेच, पण तो एक हात अमुक तारखेनंतर नाही. मग त्या तारखेच्या आसपास त्या घरातलं माणूस मरतं, नाहीतर घर सोडून जातं. कार्डाला लाखो घरांचं पढवून पाठवलेलं असतं. जाणाऱ्या माणसाचा हात आधी कसा बदलतो, किती हलका होतो, कुठं अडखळतो, ते त्याला ठाऊक असतं. का बदलतो, हे त्याला ठाऊक नसतं आणि त्याला त्याचं काही देणंघेणंही नसतं. म्हणून रिवाइंडिंगवाल्यांचा एक रिवाज होता, टेस्टरवर उद्याच्या पुढचं बघायचं नाही. बघितलंच तर गिळून टाकायचं.

तो रिवाज जयमालाबाईंनी त्या रविवारी मोडला. मुद्दाम नाही मोडला. सकाळी गार्गी म्हणाली, “आई, आपला मिक्सर बिघडलाय काय? बटण दाबलं की मागं राहतोय आणि मग एकदम उसळतोय. मला ओळखेनासा झालाय बघा.”

“तुला कशाला ओळखंल तो? चटणी वाटतेस का त्याच्याशी गप्पा मारतेस?” असं म्हणत जयमालाबाईंनी टेस्टर लावला. आठवडाभर गाळ्यावर एकोणीस मिक्सर येऊन पडले होते, डोळे थकलेले होते, अंगठा जरा जास्त सरकला आणि पडदा भराभर पुढं गेला. दोन हात, दोन रेघा. पहिली शेवटपर्यंत गेलेली. दुसरी येत्या गुरुवारी थांबलेली, आणि त्यापुढं काही नाही.

“काय झालं हो?” गार्गीनं विचारलं.

“बेअरिंग,” जयमालाबाई म्हणाल्या. “बेअरिंगचं काहीतरी आहे. बघते मी.”

त्या देवघराशेजारच्या पाटावर जाऊन बसल्या. पहिला हात आपला, पहाटेचा. दुसरा हात हिचा. गुरुवार म्हणजे चार दिवस. सोहमच्या वेळी मिक्सर जुना होता, त्यात अंदाज नव्हता, त्यामुळं ते आभाळ अचानक कोसळलं होतं. आता कोसळायच्या आधी चार दिवस कळलं होतं, आणि त्यांना कळेना की यातलं जास्त वाईट कुठलं. वॉशिंग मशीन, पंखे, घरघंटी यांना टेस्टर लावून खात्री करता आली असती. तेवढी त्यांची छाती झाली नाही.

सोमवारी त्यांनी गार्गीला रजा काढायला लावली आणि दवाखान्यात नेलं.

“अहो, मला झालंय काय?” गार्गी रिक्षात कुरकुरत होती. “धडधाकट बाईला धरून नेताय.”

“काही झालं नाही ते बघायलाच नेतेय. गप बस.”

रक्त, छाती, हृदयाचा आलेख, पोटाची तपासणी, जे जे करता येईल ते सगळं त्यांनी करून घेतलं. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, सासूनं सुनेची एवढी काळजी घेतलेली मी पहिल्यांदा बघतेय. जयमालाबाई हसल्या नाहीत.

आणि त्या संध्याकाळी घर गार्गीला विसरायला लागलं.

गार्गी मागच्या अंगणातले कपडे काढून खोलीत आली. रोज ती खोलीत पाऊल टाकायची तेव्हा छताचा पंखा आधीच हळू फिरायला लागलेला असायचा. त्या दिवशी तो स्तब्ध होता. तिनं वर बघितलं, एक पाऊल मागं जाऊन पुन्हा आत आली. पंखा हलला नाही. बटण दाबल्यावर फिरला, पण अगदी नाइलाज झाल्यासारखा. वॉशिंग मशीननंही तेच केलं. तिनं मळके कपडे टाकले तरी यंत्र बराच वेळ मुकं राहिलं. जयमालाबाई त्याच यंत्रापाशी गेल्या तर ते लगेच गुरगुरलं.

“आई,” गार्गी दारात उभं राहून हळूच म्हणाली, “हे घर मला मी नसल्यासारखं वागवतंय. गंमत नाही, खरंच. मला कसंतरीच होतंय.”

जयमालाबाईंना काय झालंय ते कळलं. एका मोटारीनं बाकीच्यांना कळवलं होतं. घरातली सगळी यंत्रं एकमतानं गार्गीला वगळून आपापली पाळी ठरवत होती. माणूस जायचं जवळ आलं की घर असं आवरतं घेतं, हे त्यांनी धंद्यातल्या लोकांकडून ऐकलं होतं, पण आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून ते बघायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी गार्गीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. अडीच वर्षांत असं त्यांनी केलं नव्हतं.

मंगळवारी सगळे रिपोर्ट आले. कुठंही काही नव्हतं. हिमोग्लोबिनसुद्धा चांगलं.

जयमालाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. देवा, वाचली पोर. आणि मग रडं ओसरता ओसरता डोक्यात दुसरा विचार आला. आजार नाही, तर मग हात थांबतोय कशानं? म्हणजे ही जाणार. घर सोडून जाणार. मला न सांगता, परवा. ऑफिसातल्या त्या अद्वैतनं मागं लग्नाचं विचारलं होतं, आणि आपण नाही म्हणून सांगितलं, असं गार्गीच बोलली होती. ते खोटं असणार. पायरीवर बसल्या बसल्या जयमालाबाईंच्या मनात एक क्षण असंही येऊन गेलं, की काहीतरी आजार निघाला असता तर बरं झालं असतं. आजारी पोर निदान आपल्याजवळ तरी राहिली असती. हा विचार आपल्या मनात आला हे त्यांना स्वतःला कळलं, आणि त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. शेजारून जाणारा माणूस थबकून बघायला लागला.

बुधवारी दुपारी जेवताना त्यांचा बांध फुटला. गार्गीनं त्या दिवशी अर्धीच हजेरी लावली होती. ती आपली शांतपणे भाकरी मोडत होती, आणि नेमका तो शांतपणाच जयमालाबाईंना सोसवेना.

“जायचं असलं तर सांगून जा की गं,” त्या एकदम म्हणाल्या. “चोरून कशाला? मी काय तुला बांधून ठेवलंय?”

गार्गीचा घास हातातच राहिला. “कुठं जायचं?”

“तुला माहीत कुठं जायचं ते. तो अद्वैत. मला सगळं कळलंय. मी अडवणार नाही तुला. तीस वर्षांची आहेस, माझ्यासारखी तारांचे वेढे मोजत म्हातारी व्हायचं कारण नाही तुला. सोहम माझा मुलगा होता, त्याचं ओझं मी वाहीन. तू जा. उजळ माथ्यानं जा, मी स्वतः तुझी बॅग भरून देते. फक्त लपवू नकोस माझ्यापासून, एवढंच म्हणणं आहे माझं.”

बोलताना त्यांचा आवाज चढत गेला आणि शेवटी पार चिरकला. गार्गीचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. ती जयमालाबाईंकडं असं बघत राहिली, की जणू त्यांना पहिल्यांदाच बघतेय. मग तिनं ताट उचललं, धुतलं आणि खोलीत गेली.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला गाळ्यावर फोन वाजला. नलवडे सर होते, शाळेतून निवृत्त झालेले. मागच्या मागच्या शुक्रवारी त्यांचा मिक्सर जळून आला होता आणि शनिवारी दुरुस्त होऊन गेला होता.

“जयमालाबाई, आमच्या मिक्सरची एक गंमत सांगू? पहाटे सहाच्या ठोक्याला आपोआप गुरगुरतो. माझा दुधीचा रस साडेसातला असतो. बरं, संध्याकाळी आठला परत गुरगुरतो. आठला आमच्याकडं कोण वाटण वाटतंय? घरात आम्ही दोघंच. बायको म्हणते, मिक्सरात भूत बसलंय.”

जयमालाबाईंच्या हातातली तार खाली पडली.

पहाटे सहा ही वेळ त्यांची. संध्याकाळी आठ गार्गीची.

त्यांची एक पद्धत होती. रिवाइंड करून कार्ड दुरुस्त झालं की ते दोन दिवस आपल्या घरच्या मिक्सरमध्ये घालून चालवून बघायचं, मगच गिऱ्हाइकाला द्यायचं. तोवर गिऱ्हाइकाचा सकाळच्या वाटणाचा खोळंबा नको, म्हणून आपल्या घरचं कार्ड त्याच्या मिक्सरमध्ये बसवून द्यायचं. सगळ्या गावात असं कुणी करत नव्हतं. कार्डं परत अदलाबदल करायची राहिली असं आजवर एकदाही झालं नव्हतं. पण मागच्या आठवड्यात सोमवारपासून मिक्सरांची रांग लागली आणि नलवड्यांचं कार्ड जयमालाबाईंच्याच घरी राहिलं. ओळखीचा हात मिळाला नाही की कार्ड नवा अंदाज बांधत नाही, जुनाच धरून बसतं. त्यांच्या घरात अकरा दिवस नलवड्यांच्या घराचा अंदाज नांदत होता. पंखे, वॉशिंग मशीन, सगळ्यांनी तोच खरा मानला होता, आणि दुसरा हात जाणार म्हणून इथल्या दुसऱ्या हाताला, गार्गीला, वगळलं होतं. आणि रविवारी टेस्टरवर त्यांनी रेघांच्या वेळा जरी बघितल्या असत्या, तरी सकाळचे साडेसात दिसले असते. भीतीनं त्यांचं बावीस वर्षांचं ज्ञान पार धुऊन नेलं होतं.

म्हणजे थांबणारा हात गार्गीचा नव्हता. जयमालाबाई गाळ्यात एकट्याच मोठ्यानं हसल्या. आणि हसता हसता थांबल्या. तो हात कुणाचातरी होताच ना. गुरुवार म्हणजे उद्या.

त्या तशाच रिक्षा करून नलवड्यांकडं गेल्या. रिवाज गेला चुलीत, सांगून टाकायचं, आजच्या आज दवाखान्यात न्या म्हणायचं. दार सरांच्या बायकोनं, प्रमिलाबाईंनीच उघडलं. हाताला तूप, कपाळावर घाम, घरभर डिंक तळल्याचा वास.

“या या! बरं झालं आलात. उद्याच पुण्याला चाललेय. लेकीचे दिवस भरलेत, तीन महिने आता तिकडंच मुक्काम. हे लाडू तिच्यासाठीच. त्या खारकांनीच तर मिक्सर जाळला मेल्यांनी! यांना सांगितलं होतं तुम्हाला सांगायला, पण हे कसले सांगतात. अहो, तुम्ही पांढऱ्याफटक का पडलात? बसा आधी.”

जयमालाबाई मटकन बसल्या आणि हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बाळंतपण! कार्डाला मरण आणि बाळंतपण एकच. हात थांबला एवढंच त्याला कळतं. प्रमिलाबाईंनी बळंच दोन लाडू खायला लावले आणि चार बांधून दिले. जयमालाबाईंनी त्यांच्या मिक्सरमधून स्वतःचं कार्ड काढून पर्समध्ये टाकलं, सरांना उद्या सकाळी त्यांचं आणून देते म्हणाल्या आणि घरी निघाल्या. रिक्षात त्या गार्गीची माफी कशी मागायची ते शब्द जुळवत होत्या. पोरीला उगाच केवढं बोलले. पाय धरीन तिचे, त्यात काय.

साडेसात वाजले होते. गार्गी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

“अगं, ऐक!” जयमालाबाईंनी दारातूनच सुरुवात केली आणि एका दमात सगळं सांगितलं. टेस्टर, गुरुवार, दवाखाना, नलवडे, पुणे, लाडू. “तुझा हात नव्हताच तो! तू कुठं जात नाहीस! मी मूर्ख, दुसऱ्याच्या घरचं आपल्या घरात वाचत बसले. दुपारचं सगळं बोलणं मी मागं घेते. विसरून जा.”

“मागं घेऊ नका,” गार्गी म्हणाली.

“म्हणजे?”

“दुपारी तुम्ही म्हणालात ना, जा म्हणून, उजळ माथ्यानं. तोवर मला खरंच माहीत नव्हतं आई, की मला जायचंय. देवाशप्पथ. अद्वैतला मी नाहीच म्हटलं होतं, मनापासून म्हटलं होतं. वाटायचं, तुम्हाला टाकून जाण्याचा विचारसुद्धा पाप आहे. तुम्हीच ते कुलूप काढलंत. मी खोलीत जाऊन अर्धा तास बसले आणि त्याला फोन केला. मी हो म्हणाले.”

जयमालाबाईंना आपण उभ्या आहोत की बसलोय हेच कळेना. म्हणजे त्या परक्या कार्डाचा काही संबंध नव्हता, आणि तरी त्यानंच हे घडवलं. आपण चुकीचं वाचलं, चुकीचं बोललो, आणि त्या चुकीच्या बोलण्यानं पोर खरोखर निघाली. त्या रविवारी अंगठा जास्त सरकला नसता तर आज हिनं शांतपणे आठ वाजता चटणी वाटली असती.

“रागावलात?” गार्गीनं विचारलं.

“नाही गं. रागावू कुणावर? माझ्यावरच रागवायला हवं.”

हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी मिक्सर उपडा केला, नलवड्यांचं कार्ड काढलं आणि आपलं बसवलं. सवयीनं टेस्टर जोडला. कार्ड नीट बसलंय की नाही एवढंच बघायचं होतं. पण गार्गी जवळ आली आणि पडद्याकडं बोट करून म्हणाली, “बघा ना, आता काय दिसतंय.”

“नको.”

“बघा. मला बघायचंय.”

जयमालाबाईंनी अंगठा सरकवला. पहिली रेघ, दुसरी रेघ. एप्रिल संपला, मे संपला. आठ जूनला दुसरी रेघ थांबली.

“आठ जून?” गार्गीचा आवाज एकदम बारीक झाला. “पण आम्ही तारीख अजून ठरवलीच नाही. त्याला मी फक्त हो म्हटलंय.”

जयमालाबाईंनी पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. हा अंदाज बांधला होता त्या शनिवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. त्यानंतर तासाभरात त्यांनी हे कार्ड मिक्सरमधून काढून गाळ्यावर नेलं होतं. तेव्हापासून अकरा दिवस ते नलवड्यांच्या ओट्यावर होतं. रविवारी त्या भ्यायल्या तेव्हा ते इथं नव्हतं. दुपारी त्या ओरडल्या तेव्हाही ते इथं नव्हतं. त्यांची चूक व्हायच्या आधीच त्यानं गार्गीला या घरातून वजा केलं होतं.

“मग मी बोलले ते…” जयमालाबाई म्हणाल्या.

गार्गी स्वतःच्या तळहाताकडं बघत होती. “महिनाभर मी वाटण वाटता वाटता मध्येच थांबत होते,” ती म्हणाली. “बटण सोडून उगाच उभी राहायचे. कशाचा विचार करतेय ते मलाच कळायचं नाही.” तिनं तो हात पदराखाली घेतला. “आई, मला भीती वाटतेय.”

जयमालाबाईंनी तिला कुशीत घेतलं. टेस्टर त्यांच्या दुसऱ्या हातात तसाच होता, आणि तिच्या खांद्यावरून त्यांना पडदा दिसत होता. आठ जूननंतर पहिली रेघ पुढं चालूच होती. रोज पहाटे सहाला, एकही दिवस न चुकता. आणि रोज एका माणसाच्या वाटणाएवढीच.